थोरल्या दिरांसमोर घेतलेली चाचणी

जालना रोडवरच्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं हृदयाच्या तपासणीची यंत्रं चालवली. यंत्रावर माझा भारी विश्वास, आणि पेशंटच्या बोलण्यावर तितकाच कमी. ही खोड मोडली ती करमाडकडच्या एका बाईमुळे.

बाई पन्नाशीची. कामाला लागलं की जबडा दुखतो, टेकलं की थांबतो, एवढीच तक्रार. सोबत थोरले दीर होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, कापूस फुटला की हिचा जबडा दुखतो. सोंग हाय का खरं, तुमीच सांगा. घरातली कटकट तरी मिटंल."

ईसीजी स्वच्छ आला. पण तो निजवून काढलेला. गोठ्यात बसलेला बैल नांगराला किती टिकेल हे काही कळत नाही. म्हणून डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट सांगितली, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवत काढायचा ईसीजी. दीर समोरच खुर्ची ओढून बसले. बाई डोक्यावरचा पदर सावरत जपून चालली आणि वेग वाढताच "बस" म्हणाली. ठोके हवे तेवढे चढलेच नव्हते. तरी मी ठोकून दिलं, दोष आढळला नाही.

"झालं समाधान? आता उद्यापासून रानात चल," दीर म्हणाले.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि माझी चांगली खरडपट्टी काढली. "ती पुरेशी चाललीच नाही, तर दोष दिसणार कुठून?" मला राग आला, पण चूक माझीच होती. मी बाहेर जाऊन बाईंना विचारलं, का थांबलात?

"थोरले समोर बसल्यावं भराभरा कशी चालू?" त्या हळूच म्हणाल्या.

तासाभरानं दिरांना चहाला धाडलं. आत नर्स आणि डॉक्टर. बाईंनी पदर कमरेला खोचला आणि बांधावरून चालावं तशा झपाझप चालू लागल्या. सहाव्या मिनिटाला आलेखाची रेघ खाली झुकली, त्यांचा हात जबड्याकडे गेला. डॉक्टरांनी पट्टा थांबवला, त्यांना निजवलं. दुखणं ओसरल्यावर सांगितलं, हृदयाला रक्त कमी पडतंय, जबडा दुखतो तो त्यामुळेच, अँजिओग्राफी करावी लागेल.

आता बाई रडणार, म्हणून मी खाली मान घातली. त्या माझ्याकडेच बघत होत्या, चेहरा एकदम मोकळा.

"थोरल्यांला तुमीच वाचून दावा," त्या म्हणाल्या. "सोंग नव्हतं म्हणावं."