उपवासाच्या दिवसाची गोळी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा, सुनंदाचा फोन आला. "मामा, आईच्या तोंडात फोड आल्यात. पाणीबी गिळवंना. ती म्हणती, नऊ दिसांच्या उपासाची उष्णता हाय." मी घोरावाडीच्या फलाटावर उभा होतो. उपास म्हटल्याबरोबर मला तिची गोळी आठवली. लोणावळ्याची गाडी येईपर्यंत एकच विनवत होतो, मला वाटतंय ते खोटं ठरू दे... तिला पुण्याच्या इस्पितळात नेलं. तिथं डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात. त्यांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. घरात कुणाला नाही. पाचव्या दिवशी अक्का गेली. त्याला आता दहा आठवडे झाले.

अक्का माझी थोरली बहीण. लोणावळ्याजवळ कुसगावच्या एका हॉटेलात पर्यटकांसाठी चुलीवरच्या भाकरी करायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुठी सकाळी मिटेनाशा झाल्या. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजायची, तास-दीड तास आखडलेली राहायची. कोमट पाण्यात हात बुडवून बसायची, मगच पीठ मळायची. मी म्हणालो, वय झालं, त्यात इथली दमट हवा. तेल आणून दिलं. त्यात दीड वर्ष गेलं आणि बोटं वाकडी होऊ लागली. शेवटी सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा आमवात. रोगाशी लढणारी शरीराची ताकदच आपल्या सांध्यांवर उलटते. औषधानं आटोक्यात राहील, पण लवकर आणायला हवं होतं.

आषाढी झाल्यावर गोळी सुरू झाली. "आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतेल," बाईंनी तीनदा बजावलं, पाकिटावर वार लिहायला सांगितला. पण अक्काला वाचता येत नव्हतं. मग मी माझं डोकं चालवलं. तिचा सोमवार कधी चुकायचा नाही. म्हणालो, "अक्का, उपास असला की ही पिवळी गोळी घ्यायची. बास." केवढा अभिमान वाटला होता मला त्या युक्तीचा! नवरात्राचे नऊ उपवास माझ्या ध्यानातच आले नाहीत.

गुण मात्र आला. भाद्रपदात गेलो तर तिनं दारातच माझ्या पाठीत गुद्दा घातला. "बग, मूठ मिटतीया! आता तुजी काय खैर न्हाई." किती हसलो दोघं. रक्त तपासायचं होतं, ते दसरा झाल्यावर करू, असंही मीच म्हणालो.

आणि एक गोष्ट राहिली... सहाव्या माळेला तिचा फोन आला होता. मी कारखान्यात होतो, मशिनी चालू होत्या. ती म्हणाली, "आरं, गोळीचा एकबी उपास चुकवला न्हाई बरं का." मी म्हणालो, "शाब्बास!" मशिनींचा आवाज होता, पण मला ऐकू आलं होतं. नीट ऐकू आलं होतं.

ती गेल्यावर गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाच्या करंड्यामागे सापडली. दहातली एक गोळी उरलेली. मी गुपचूप खिशात घातली.

माझीही बोटं उन्हाळ्यापासून सकाळी आखडत होती, ते मी लपवलं होतं. महिन्यापूर्वी तपासणी झाली. तोच आजार, तीच पिवळी गोळी. आठवडाभर पाकीट उघडायचं धाडस झालं नाही. मग कुसगावला गेलो, सुनंदासमोर ती पट्टी ठेवली आणि सगळं बोललो. तिनं पट्टीवरची रिकामी घरं बोटानं मोजली.

"तुमच्याकडं बगवत न्हाई मला आत्ता, मामा," ती म्हणाली. "पर हे लिवा. ज्याच्या घरात ही गोळी हाय, त्याला कळू द्या. आन तुमी गोळी सोडायची न्हाई. मला दुसरं मढं न्हाई उचलायचं."

म्हणून हे लिहिलं. आता सोमवारी सकाळी गोळी ताटलीत काढतो. पाकिटावर ठळक अक्षरांत वार लिहिलाय, समोर कॅलेंडर आहे, तरी खात्री वाटत नाही. सुनंदाला फोन लावतो. "सोमवारच हाय. घ्या," एवढंच म्हणते आणि ठेवते. गोळी घेतो. कोमट पाण्यात हात बुडवून बसतो... मग मूठ मिटून बघतो.