सगळ्यांच्या मागून हसणारे मामाजी

आमचे मामाजी सगळ्यांच्या मागून हसत. घरात कोणी विनोद केला, चारचौघं खो-खो हसली, की मामाजी एकेकाच्या तोंडाकडे पाहून खात्री करून घेत आणि मग हसत. तोवर बाकीच्यांचं हसून संपलेलं असे. त्यामुळे त्यांचं हसणं खोलीत एकटंच उरे, आणि त्या एकट्या हसण्यावर लोक पुन्हा हसत. मग मामाजी पुन्हा हसत. असा तो कार्यक्रम दोन-दोन फेऱ्या चाले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भंडाऱ्याच्या बाजूला सून सासऱ्याला मामाजी म्हणते आणि सासूला आत्याबाई. भिलाईत हयात गेली तरी हे काही बदललं नाही. मामाजींची नोकरी भिलाईजवळच्या रसमड्याला, लोखंड ठोकून आकार देणाऱ्या एका कारखान्यात, अगदी मोठ्या घणाजवळ. कानात बोळे घाला म्हटलं तर म्हणत, "कान बांधून बसाले मी काय बाळंतीण आहो?" घणाने त्यांचा ताठा राखला आणि कान नेले. निवृत्त होऊन हुडको वसाहतीतल्या घरी बसले तेव्हा दारात फुटलेला फटाकाही त्यांना ऐकू येत नव्हता. मुलाने कानाचं मशीन आणलं, ते चार दिवस लावून त्यांनी डब्यात ठेवून दिलं. "यातून माणूस बोलला तरी घणच ऐकू येते," म्हणाले.

बहिऱ्या माणसाचं घरात काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आधी लोक ओरडून बोलतात, मग खुणा करतात, मग बोलतच नाहीत. आणि शेवटी त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलतात. आत्याबाईंची जीभ मुळातच तिखट. त्यांनी नवऱ्याला नाव ठेवलं भैरोबा. बहिरा म्हणून भैरोबा, शेंदूर फासून कोपऱ्यात बसवलेला. ताट वाढताना, अगदी त्यांच्या तोंडासमोर म्हणायच्या, "भैरोबाले निवद दाखवा रे!" घर हसायचं. माझा नवरा त्यात सगळ्यांत पुढे. "आई, तू भी ना!" म्हणत टाळी द्यायचा. मग मागून मामाजी हसायचे. मीही ओठ दाबून हसले आहे. नव्या सुनेने सासूच्या विनोदाला न हसून जायचं कुठे? पण मामाजींचं ते हसणं मला पाहवत नसे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. एका खाजगी आयटीआयमध्ये शिकवत असे, घरात मात्र माझ्या विद्येचा उपयोग मिक्सरचा प्लग बदलण्यापुरता. एकदा आयटीआयने मोडीत काढलेला एक जुना ऑसिलोस्कोप मी घरी आणला. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर हिरव्या रेघेने काढून दाखवणारी पेटी. ती चालते का पाहायला मी तिची तार मामाजींच्या जुन्या रेडिओच्या पोटात जोडली. हा रेडिओ ते अजून रोज लावत. नागपूरच्या बातम्यांची वेळ झाली की त्याच्या लाकडी अंगावर तळहात ठेवून बसत. आत्याबाई म्हणत, "पाहा, भैरोबा रेडिओची नाडी पाहून राहिला."

पडद्यावर एक हिरवा पट्टा उमटला आणि बातम्यांबरोबर त्याच्या कडा फुगू-आकसू लागल्या. मामाजी उठून आले. रेडिओवर ठेवायचा तो हात त्यांनी काचेवर ठेवला. "हे कोण बोलून राहिलं?" त्यांनी विचारलं. त्यांच्याशी बोलायला मी एक पाटी ठेवली होती, तिच्यावर लिहिलं, नागपूर. त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "मले शिकव. घरात काय बोलतेत ते मले पाहाचं आहे." नागपूरच्या बातम्यांचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना आपल्याच घरच्या गप्पांत परत येऊन बसायचं होतं.

मी खोल्याखोल्यांत पोचेल एवढा लहानसा ट्रान्समीटर जोडला आणि माइकसकट जेवणघरातल्या फ्रिजवर ठेवला. रेडिओ आणि पेटी मामाजींच्या खोलीत. घर बोललं की रेडिओ ते पकडायचा आणि पेटी दाखवायची. शिष्य म्हणून मामाजी निव्वळ दगड होते. चित्र एका जागी थांबेचना. "पळून राहिलं, पळून राहिलं!" असं इतक्या मोठ्याने ओरडत की शेजाऱ्यांना वाटावं घरात चोर शिरला. आवाज वाहून नेणारी लहर फार वेगाची असते. तिला धरून चित्र थांबवायला गेलं की बोलण्याचा आकार निसटतो. धरायचं ते बोलण्याच्या सावकाश लहरीला. हे पाटीवर लिहून लिहून मी दमले. शेवटी त्यांनी पाटी बाजूला सारली आणि म्हणाले, "म्हणजे हमालाले नाही, मालाले पकडाचं?" आयटीआयच्या पोरांना मी आजही हेच वाक्य सांगते.

मग त्यांना शब्द दिसू लागले. दुपारी घर झोपलं की मी माइक हातात घेऊन एकेक शब्द बोले आणि ते पाहत. 'म' म्हटलं की पट्टा हळूच फुगतो. 'ब' नाहीतर 'भ' म्हणताना ओठ मिटतात, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पट्टा फुटतो. 'आई' आणि 'बाई' ते वेगळे सांगू लागले. सगळंच बोलणं असं वाचता येणार नव्हतं, आणि तसं मी त्यांना पाटीवर लिहूनही दिलं. पण माणसं ओळखू येत. हसणं तर फारच लवकर ओळखू आलं, एकापाठोपाठ एक छोटे छोटे फुगे. आत्याबाईंचा आवाज इतका चढा की पट्टा मधेच तुटून नुसती रेघ उरे. मी पाटीवर लिहिलं, ओव्हरमॉड्युलेशन. "इंग्रजी कावून लिहून राहिली?" मामाजी म्हणाले. "पट्टा फाटला का समजाचं, तुही आत्याबाई आली."

घरच्यांना हा म्हातारचळ वाटे. फ्रिजवरचा माइक काढून ठेवायचं कोणाला सुचलं नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला रेघा पाहून काय कळणार? जेवणं, विनोद, भैरोबा, सगळं पूर्वीसारखंच चालू होतं. फरक एवढाच की आता मामाजी पेटीसमोर बसून, तिथून मागाहून हसत.

एका दुपारी त्यांनी पाटी घेतली आणि खडूने एक आकार काढला. "हा शब्द कोणता?" त्यांनी विचारलं. "हा रोज येते. तुही आत्याबाईच जास्त बोलते. हा आला का लगेच हासण्याचे फुगे येते, मंग मीबी हासतो. मोठा मजेचा शब्द दिसते. बोल बरं याच्यात." आणि माइक माझ्या हातात दिला.

पहिला फुगा फुटून सुरू झालेला. दुसरा त्याला चिकटून. मग ओठ मिटल्याची फट, आणि शेवटी भला रुंद तिसरा फुगा. मी तो लगेच वाचला. मामाजी गंमत ऐकायला बसल्यासारखे पुढे सरकून बसले होते. मला आत्याबाईंची, नवऱ्याची, माझ्या त्या डिप्लोम्याची, सगळ्यांची चीड आली. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "मामाजी."

तीन अक्षरं, तीन फुगे. खपून जाईल असं वाटलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि मान हलवली. "हा नाही. याची सुरुवात नरम आहे. त्याची फुटते. तूच शिकवलं ना, माय?"

मी माइक खाली घेतला. पडद्यावर नुसता सपाट पट्टा होता. मामाजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी माइक काढून घेतला आणि स्वतःच शब्द बोलून पाहू लागले. "भिकारी." नाही. "बावळट." नाही. "भैरा." पहिले दोन फुगे जवळपास जुळले. ते थांबले. बायकोची जीभ त्यांना लग्नापासून ठाऊक होती. "भैरोबा," ते म्हणाले, आणि पाटीवरचा आकार पडद्यावर उमटून विझला. "बरोबर," असं म्हणून त्यांनी तळहाताने पाटी पुसली.

रविवारी गोंदियाहून आत्याबाईंचे भाऊ जेवायला आले. पंगत बसली. आत्याबाई रश्शाचं भांडं घेऊन आल्या, विनोद ओठांवर तयारच होता. त्यांनी तोंड उघडायच्या आत मामाजी, आपला आवाज किती चढलाय हे न कळणाऱ्या माणसाच्या आवाजात, म्हणाले, "भैरोबाले वाढा!" आणि हसले. सबंध घराच्या आधी हसले. त्यांच्यामागून कोणी हसलं नाही. आत्याबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. शेवटी भाऊ म्हणाले, "रस्सा मस्त झाला हो बाई," आणि सगळे माना खाली घालून जेवू लागले.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी फ्रिजवरून माइक काढला, तार नीट गुंडाळली आणि पेटी माझ्या हवाली केली. "घेऊन जा. पोरांले शिकव, चांगली विद्या आहे. घरात नको ठेवू." त्यानंतर ते कोणाबरोबर हसले नाहीत, मागूनही नाही. रेडिओवर तळहात ठेवून बसत, तेवढंच. पुढच्या थंडीत गेले. आत्याबाई अशा रडल्या की पेटी असती तर पट्टा फाटला असता. ते रडणं खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. मला मामाजी अजून आठवतात, विशेषतः नव्या वर्गातलं एखादं पोरगं "मॅडम, भाग रहा है!" म्हणून ओरडतं तेव्हा.

आता आत्याबाईंना कमी ऐकू येतं. त्यांच्या आईचेही कान असेच गेले होते म्हणतात. आम्ही आधी ओरडून बोललो, मग खुणा केल्या. परवा जेवताना मी मीठ मागितलं तर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. माझा नवरा म्हणाला, "लो, भैरोबा गेला अन् भैरवी आली!" सगळे हसले. आत्याबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याही हसल्या.