क्लेमेंटने पुरं केलेलं चित्र

क्लेमेंट परेराला अर्धवट काही बघवत नसे. लग्नाच्या पत्रिकेत एखाद्या अक्षराची शाई उडालेली दिसली तर हा खिशातून पेन काढणार, ते अक्षर भरणार आणि मगच पत्रिका वाचणार. हा गुण की खोड, यावरून तो आणि त्याची बायको एथेल चाळीस वर्षं भांडताहेत. मी दोघांनाही लहानपणापासून ओळखते. आम्ही मरोळ गावठाणातली, एकाच गल्लीतली माणसं.

तो पेंटर होता. चित्रकार नव्हे, पेंटर. हा फरक तो स्वतःच आधी सांगायचा. मरोळच्या इस्टेटीतल्या निम्म्या कारखान्यांच्या गेटावरची नावं त्याच्या हातची. खडू फासलेली दोरी भिंतीवर ताणून सोडायची, सरळ रेघ उमटली की एका हातातल्या काठीवर दुसरा हात टेकवून अक्षरं काढायची. 'धोका' या शब्दाखालची कवटी तो इतकी हसरी काढायचा की एका मॅनेजरने ती पुसून पुन्हा काढायला लावली होती. मग फ्लेक्स आले आणि क्लेमेंटची वाट लागली. पाच-सहा वर्षं तो घरात बसून एथेलच्या स्वयंपाकात चुका काढत होता.

गावठाणाच्या हॉलमागे एक खोली पडून होती, तिथे आम्ही गॅलरी काढली तेव्हा एथेलनेच त्याला माझ्याकडे ढकललं. आम्ही म्हणजे चौघांची कमिटी. मी सेक्रेटरी, कारण टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या बाईला लोक दुसरं काही होऊ देत नाहीत. वाकोला, दिंडोशी, मढ, कुठून कुठून नवी मुलं यायची, जी शहरातल्या मोठ्या गॅलरीच्या काचेच्या दारातून आत जायला बिचकतात. क्लेमेंट त्यांची चित्रं टांगायचा आणि प्रत्येक चित्राखालची पाटी ब्रशने लिहायचा. पाटीवर आपलं नाव बघून मुलांना पहिल्यांदा आपण आर्टिस्ट झाल्यासारखं वाटायचं. काहीजण चित्रापेक्षा पाटीचेच फोटो जास्त काढायचे. क्लेमेंट तेव्हा खोटंखोटं वैतागायचा.

मागच्या जानेवारीत समीक्षा घाडी तिची चित्रं घेऊन आली. ही मुलगी मी फ्रॉकमध्ये पाहिलेली. तिची आई आमच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. मग आम्ही भावंडांनी घर बिल्डरला दिलं, गल्लीत सगळ्यांत आधी आम्ही, आणि घाडीबाईला महिन्याभरात खोली सोडायला सांगितलं. सांगायला मीच गेले होते. त्या दोघी दिंडोशीला गेल्या. समीक्षा तेव्हा बारा वर्षांची होती.

तिचं मोठं चित्र आमच्याच गल्लीचं होतं, प्लायवर रंगवलेलं. क्रूस, विहीर, ओळीने पाच घरं, आणि मधोमध घराएवढी कोरी जागा. रंगच नाही, नुसतं लाकूड. तिथे आमचं घर होतं.

"हे मुद्दाम सोडलंय, आंटी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. तिने मला एक चिठ्ठी दिली, क्लेमेंट अंकलकडून चित्राखाली लिहून घ्यायला. त्यावर एवढंच होतं: 'इथे आम्ही राहायचो.' शहरातल्या एका गॅलरीच्या बाई रविवारी येणार होत्या. त्यांनी या चित्राचा फोटो पाहिला होता आणि नव्या चित्रकारांच्या त्यांच्या प्रदर्शनासाठी ते घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. समीक्षासाठी सगळं त्यावर होतं. ते झालं तर ती कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी अर्ध्या वेळेची करणार होती.

ती चिठ्ठी मी क्लेमेंटला दिली नाही.

विसरले नाही. दिली नाही. आठ दिवस गल्लीतले लोक त्या भोकासमोर उभे राहणार, खाली क्लेमेंटच्या टपोऱ्या अक्षरांत ते वाक्य, आणि शेजारी टेबलावर मी. मला ते नको होतं. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये राहिली.

शनिवारी दुपारी मी हॉलमधून खुर्च्या मोजून परत आले तर क्लेमेंट चित्र टेबलावर आडवं घालून बसलेला. शेजारी इनॅमल रंगाचे डबे. कोऱ्या जागेत आमचं घर अर्धंअधिक उभं राहिलं होतं. बाल्कनी, लाकडी कठडा, कौलं, सगळं त्याच्या डोक्यातून, आणि सगळं बरोबर.

"पोरगीचं राहून गेलं बघ, फ्लेविया," तो वर न बघता म्हणाला. "नोकरी करते, वेळ कुठे मिळणार. उद्या ती बाई येईल, अर्धवट चित्र बघून काय म्हणेल?"

मी म्हणू शकले असते, थांब. तीन अक्षरंही लागली नसती. पण मी त्या घराकडे बघत राहिले. पंधरा वर्षांनी ते मला दिसत होतं आणि भोक बुजत होतं. त्याने दाराला हिरवा लावायला घेतला तेव्हा मी म्हणाले, "हिरवा नाही रे. निळा होता."

त्याने ब्रश पुसला आणि निळ्याचा डबा उघडला.

रविवारी समीक्षा आईला घेऊन आली. चित्रासमोर येऊन थांबली. क्लेमेंट इस्त्रीचा शर्ट घालून बाजूलाच उभा होता, कौतुकाची वाट बघत.

"झालं ना पूर्ण?" त्याने विचारलं.

समीक्षा माझ्याकडे वळली. "आंटी, चिठ्ठी?"

"राहूनच गेली गं," मी म्हणाले.

घाडीबाई त्या निळ्या दाराकडे बघत होत्या. त्यांना त्या दारातून कधी आत घेतलं नव्हतं, त्यांची वाट मागच्या बोळातून होती.

शहरातल्या बाई अकराला आल्या. चित्रापाशी थांबून त्यांनी मोबाइलमधला फोटो पाहिला, पुन्हा चित्र पाहिलं. "इथे रिकामं होतं ना? मी तेच बघायला आले होते," त्या म्हणाल्या. क्लेमेंट पुढे झाला. "मी केलं, मॅडम. तिचा काही संबंध नाही. मला अर्धवट वाटलं." बाई चांगल्या होत्या, चहा घेऊन गेल्या. चित्र नेलं नाही. इनॅमल प्लायमध्ये मुरलं होतं. ते निघणार नव्हतं.

मंगळवारी कमिटी बसली. क्लेमेंटने स्वतःहून गॅलरीची किल्ली टेबलावर ठेवली. "मी कोणाला विचारलं नाही," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मिनिट्स मी लिहिते. मी लिहिलं: 'श्री. परेरा यांनी कोणालाही न विचारता.' माझं अक्षर चांगलं आहे. सगळ्यांनी खाली सह्या केल्या.

पुढच्या प्रदर्शनाला पाट्या छापून आणल्या. एथेल भेटली की म्हणायची, दिवसभर खिडकीत बसतो, जेवणात मीठ नसलं तरी बोलत नाही. समीक्षा पुन्हा आली नाही. मी चार महिने काढले. नीट झोप लागत नव्हती, एवढं मात्र खरं.

एका सकाळी चर्चमधल्या मिसानंतर मी त्याच्या घरी गेले. एथेल बाजारात होती. तो खिडकीतच होता. मला बघून खरंच आनंदला, तेच मला सहन झालं नाही. मी पर्समधून चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली.

त्याने ती वाचली. उलटून मागची बाजूही पाहिली.

"कधी दिली तिने?"

"चित्राबरोबरच."

"म्हणजे मी रंगवत होतो तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

मी म्हणाले, "माझं चुकलं, क्लेमेंट."

"मी एथेलला काय सांगत होतो माहितीये?" तो हळू बोलत होता. "म्हटलं, फ्लेवियालाबी अर्धवटच वाटलं असणार, नायतर बोलली नसती का. दोघंबी चुकलो. मग तिला कशाला मधी ओढायचं."

त्याने चिठ्ठी पुन्हा घडीवर घडी घालून माझ्या हातात ठेवली.

"पण तुला तर ठाऊक होतं. तू कुठे चुकलीस," तो म्हणाला. "चुकलो मी एकटाच."