कलिंगड पुढं, मी मागं

पिकअपच्या केबिनीत दोन शिटा. एकीवर तात्या, दुसरीवर कलिंगड. मी मागं उघड्या हौद्यात, शिमिटाच्या पोत्यांवर. मस्कतचं ऊन. तव्यावरल्या भाकरीगत कड बदलत बसलेलो.

"तात्या, कलिंगड घिऊ का मांडीवर? म्हंजी पुढं येतो."

"नको. तुझ्या हातचं कोन खाईल?"

मी हासलो. सगळ्यात मोठ्यानं मीच. कळंबाच्या तमाशातला सोंगाड्या ना मी! हासवलं की भाकर मिळायची, ती सवय.

तात्या आमच्या बारामतीकडल्या पणदऱ्याचा बागायतदार, मस्कतात बांधकामावर आमचा मुकादम. आखातातली लढाई मिटल्यावर मी गेलो. विमानतळावर न्यायला आला तवा त्यानं पुढंच बसवलं. गावाकडचा मानूस म्हनून गळ्यात पडला. निम्म्या वाटंत इचारलं, "आडनाव काय म्हनलास?" सांगितलं. दुसऱ्या दिशीपास्नं पुढच्या शिटंवर कायतरी आसायचंच. डबा, हेल्मेट, कलिंगड.

आमी बौद्ध. मला वाटलं, जात बारामतीच्या स्टँडावरच राह्यली. येडा मी! तिला कुठं पासपोर्ट लागतोय?

एक दिस तापानं फणफणलो. हौद्यात बसवंना. रस्त्यावरच्या बसला हात केला. पाटी वाचता येत न्हाय. बस निम्मी रिकामी, तरी मी पार मागं दांडी धरून हुबा. ड्रायव्हर बलुची. म्हनला, "बैठो भाई, आगे बैठो."

मला संशय. ह्यो पुढं कशापायी बसवतोय? आता आडनाव इचारंल का? शीट हातानं चाचपली. ओली न्हाय, मोडकी न्हाय. बसलो. कुनी काय इचारलं न्हाय. एक म्हातारा अरब शेजारी टेकला आन् घोराय लागला. डोस्कं माझ्या खांद्यावर. मी हाललो न्हाय. डोळ्याला पानी आलं. तापानं आसंल.

दुसऱ्या दिशी तात्यानं गाडी थांबवली.

"चल, बस मागं."

"न्हाय. बसनं येतो."

"वाचाय येतं का तुला? चुकशील."

"चुकंन."

"काम जाईल."

"जाऊ द्या."

चुकलो बी. कामाच्या उलट्या अंगाला समुद्रावर निघालो. काम बी गेलं.

आता बारामतीत इंदापूरच्या गाडीत बसलो, की शेजारचा गोड बोलत इचारतोच, "पावनं, आडनाव काय?" गोड बोलला की मी आदी सावध हुतो. मंग आडनाव सांगतो. मोठ्यानं, गाडीभर ऐकू जाईल आसं. आन् बघत ऱ्हातो, कोन सरकतंय.

मी न्हाय सरकत. ज्येला उठायचंय, त्येनं उठावं.