सासऱ्यांनी दाखवलेलं घर

मुळगावात आमचं नवं घर बांधून झालं, तेव्हा माझ्या सासऱ्यांना दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं. जुन्या मातीच्या घरात ते भिंत चाचपत एकटे फिरायचे. नव्या घराच्या भिंती गुळगुळीत आणि दारं सगळी एकसारखी. पहिल्याच आठवड्यात न्हाणी समजून ते स्वयंपाकघरात शिरले आणि ओशाळून खाटेवर जाऊन बसले. "ह्या घरात माका काय गावना गो बाय," म्हणाले.

नव्या घरात तोडफोड करणं शक्यच नव्हतं. मग प्रत्येक दार हाताला वेगळं लागावं म्हणून घरात होतं तेच मी काढलं. स्वयंपाकघराच्या दारात करवंट्यांची माळ टांगली. न्हाणीच्या कडीला काथ्याची दोरी गुंडाळली. त्यांच्या खोलीला सासूबाईंच्या नऊवारीचा पडदा शिवून लावला. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. सासऱ्यांनी पडदा हातात धरला, काठावरून बोटं फिरवली. "ह्यां तिचां लुगडां," म्हणाले.

हळूहळू ते पुन्हा एकटे फिरू लागले. महिन्याभरानं पेडण्याहून त्यांची धाकटी बहीण आली. मी चहा घेऊन बाहेर आले, तर सासरे तिचा हात धरून खोल्याखोल्यांतून चालले होते.

"सांभाळून गो, हांगा उंबरो आसा," ते तिला सांगत होते. "चल, फुडली खोली दाखयतंय."

मी तिथंच थांबले. चहा निवला, तरी हाक मारली नाही.