मेंढ्यांच्या जागी मोसंबी

त्या पोरीचं हॉल तिकीट अजून माझ्या शाळेच्या कपाटात आहे. दरवर्षी साफसफाई करताना ते हातात येतं, फाडून टाकावंसं वाटतं, आणि मी ते परत हजेरीपटांच्या खाली सारून ठेवते. निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचं आहे ते. तिथे नाव लागलं असतं तर पोर सहावीपासून पुढे शिकली असती. लागलं नाही. ती परीक्षेला बसलीच नाही, आणि ती का बसली नाही याचं खापर फोडायला मला माझ्याशिवाय दुसरं डोकं सापडत नाही.

पाचवीच्या गणितात बीजगणिताची पूर्वतयारी करून घ्यायची असते. तो भाग आला की माझं डोकं फिरतं. तसं ते लवकरच फिरतं, सिरसाळ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत ही गोष्ट पहिलीच्या पोरांनाही ठाऊक आहे. फळ्यावर मी क्ष काढायची आणि सांगायची, ही एक संख्या आहे, किती ते आपल्याला अजून माहीत नाही. की वर्ग एका सुरात विचारणार, "मंग किती हाय?"

"माहीत नाही म्हटलं ना!"

"तुमाला म्हाईत हाय मॅडम, तुमी सांगत न्हाईत."

एका फळवाल्याचा मुलगा होता, त्याला मी टोपलीचं उदाहरण दिलं. झाकलेल्या टोपलीत काही मोसंबी आहेत. तीन काढली, नऊ उरली. तर आधी किती होती? तो म्हणाला, "झाकण काढून मोजा की, कावून उगं त्रास करून घेता?" वर्ग हसला, मीही हसले, पण आतून हताश झाले. तीन तास गेले होते आणि मी होते तिथेच होते.

तेव्हा दाराजवळ बसणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, क्ष म्हंजी आमचा कळप."

ती मेंढपाळाची मुलगी. आईबाप मेंढ्या घेऊन गावोगाव फिरायचे, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचे, आणि ही शाळेसाठी आत्याकडे राहायची. मी तिला फळ्याजवळ बोलावलं. कळप कसा गं?

"आमचे आबा कदीच आकडा सांगत न्हाईत. औंदा पाच पिलं झाली, तीन मेंढ्या इकल्या. मंग म्हंत्यात, कळप आन् वर दोन."

आणि तिने लिहिलं: क्ष + ५ − ३ = क्ष + २.

बावीस वर्षं मी खडू झिजवते आहे. असं पोर मला दुसरं मिळालेलं नाही. बाकीच्यांना क्ष ही मी लपवलेली वस्तू वाटायची. हिच्या घरी ती रोज संध्याकाळी वाघरीत, मेंढ्यांसाठी लावलेल्या जाळीच्या कुंपणात, शिरत होती. किती ते कुणी विचारत नव्हतं, आणि तरीही सगळा हिशेब लागत होता. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात एकटीच बसून राहिले आणि मला रडू आलं. आनंदाचं, खोटं कशाला सांगू.

मी प्रवेशपरीक्षेचा फॉर्म आणला. तिचा बाप सही करायला आला, अंगठ्याला शाई लावून घेतली आणि म्हणाला, "मॅडम, नाव लागलं तर तिचं नशीब, शिकू द्या. न्हाई लागलं तर उन्हाळ्यापून ती आमच्यासंगं. पिलं सांबाळाया माणूस पाहिजे." ठरलं. तिचं पुढचं सगळं आयुष्य आता एका परीक्षेवर उभं होतं, आणि परीक्षा जानेवारीत होती.

शाळा सुटली की मी तिला तासभर थांबवायची. रेल्वेगाड्यांची गणितं, वयाची गणितं, हौदाची गणितं, सगळं तिने पटापट गिळलं. फक्त एक अडचण होती. उदाहरणात जनावरं आली की ती समीकरण अचूक मांडायची, शेवटच्या पायरीपर्यंत यायची आणि थांबायची. 'एका मेंढपाळाकडे काही मेंढ्या आहेत, त्यातल्या निम्म्या विकल्या, तेव्हा बारा उरल्या.' सगळं बरोबर. पण 'क्ष =' एवढं लिहून पुढे कोरं.

पहिल्यांदा मी समजावलं. दुसऱ्यांदा ओरडले. तिसऱ्यांदा डस्टर टेबलावर असं आपटलं की ती दचकून उठून उभी राहिली. तरी तिने चोवीस लिहिलं नाही. शेवटी तिच्या आत्याने मला सांगितलं. त्यांच्यात मेंढ्या मोजत नाहीत. आकडा तोंडातून निघाला की कळपाला दृष्ट लागते. संध्याकाळी बाप वाघरीच्या तोंडाशी उभा राहतो, मेंढ्या आत जाताना नुसती नजर टाकतो आणि म्हणतो, पुरी हायेत. किंवा म्हणतो, पांढऱ्या कानाची मागं राह्यली.

मी एक युक्ती काढली. म्हटलं, पोरी, उदाहरणात मेंढ्या दिसल्या की तू मनात त्यांच्या जागी मोसंबी ठेव. मोसंबी मोजायला हरकत नाही ना? तिने थोडा विचार केला. "मोसंब्याचं काय न्हाई," म्हणाली. आणि चोवीस लिहिलं.

इथेच मी थांबायला हवं होतं. सगळं नीट चाललं होतं. सराव परीक्षेत तिचे गुण माझ्या अपेक्षेपेक्षाही वर जात होते. पण मला ती मोसंबी टोचायला लागली. मी गणिताची शिक्षिका, आणि माझी सगळ्यात हुशार मुलगी दृष्ट लागेल म्हणून मेंढ्यांची मोसंबी करते! मला तो माझा पराभव वाटायला लागला. शहाणपणाची खुमखुमी वाईट असते, आणि मला ती भरपूर आहे.

डिसेंबरात तिच्या बापाचा कळप शाळेला लागून असलेल्या रानात बसायला आला. सोयाबीन निघालेलं होतं, रान मोकळं होतं. मी तेव्हा पोरांना संभाव्यता शिकवत होते. पुस्तकात नव्हती, माझ्या हौसेने. रुपया उडवून छापा-काटा करून झालं होतं, आणि वर्गाचं एकमताने ठरलं होतं की मॅडमनी उडवला की छापाच पडतो. वैताग नुसता! मी म्हटलं, चला बाहेर. डोळे मिटून या कळपातली एक मेंढी धरली, तर ती काळी निघण्याची शक्यता किती? त्यासाठी काय माहीत पाहिजे? काळ्या किती आणि एकूण किती. मोजा.

पोरांना काय, शाळेबाहेर पडायला मिळालं. सगळ्यांनी आरडाओरडा करत मोजलं. मेंढ्या हलत होत्या, प्रत्येकाचा आकडा वेगळा. ती पोर मात्र बाभळीखाली तोंड फिरवून उभी होती. मला दिसलं ते. मी तिला हाक मारली.

"तू वाघरीच्या तोंडाशी उभी राहा. एकेक आत सोड आणि मोज. मोठ्याने."

तिने विहिरीकडे बघितलं. बाप तिकडे पाणी शेंदायला गेला होता. "मॅडम, मोसंबी म्हणू का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मेंढ्या आहेत तर मेंढ्याच म्हणायचं."

तिने मोजल्या. आधी पुटपुटत, मग मी रागावले तेव्हा मोठ्याने. एकशे सदतीस. त्यातल्या काळ्या एकतीस. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी परत येऊन फळ्यावर लिहिलं, एकशे सदतीसपैकी एकतीस, आणि खाली दोन रेघा मारल्या. तो आकडा दोन दिवस फळ्यावर होता. गावातलं कोणीही दारातून वाचू शकत होतं.

आठवडा व्हायच्या आत मेंढ्या मरायला लागल्या. आधी दोन, मग एका दिवसात पाच. एकूण अकरा गेल्या. जनावरांचे डॉक्टर आले, पोटाचा रोग आहे म्हणाले, कोवळ्या चाऱ्याने होतो, लस राहून गेली होती. मी ते सगळं कान देऊन ऐकलं, मला ते फार हवं होतं. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे मी स्वतः त्याच महिन्यात पोरांना शिकवलं होतं. पण तिच्या बापापुढे उभं राहून ते वाक्य म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तो शाळेच्या दाराशी आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "तुमी मोजल्या आसत्या तर काय न्हवतं, मॅडम. तुमी भायेरच्या. पण तिनं आकडा बोलला. घरच्या पोरीनं." दुसऱ्या दिवशी त्यांचा वाडा, मेंढ्या आणि बिऱ्हाडासकट, हलला. पोर आत्याच्या घरी नव्हती. दप्तर खुंटीला होतं.

परीक्षेला नऊ दिवस राहिले होते. मी रजा टाकली आणि स्कूटी काढली. हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलं. परळीकडची गावं पालथी घातली. जो शेतकरी दिसेल त्याला विचारायचं, काल मेंढ्या कुणाच्या रानात बसल्या होत्या? लोक बोट दाखवायचे, तिथे पोचावं तर नुसत्या लेंड्या आणि विझलेली चूल. नवरा म्हणाला, एका पोरीसाठी किती फिरशील? मी त्याच्यावरही ओरडले. रात्री डोळा लागत नव्हता. मला दिवस दिसत होते, नऊ, सात, चार, आणि ते मोजणं काही थांबत नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, धर्मापुरीच्या पुढे एका तुरीच्या रानात ते सापडले. बाप दगडावर बसला होता. आठ दिवसांत माणूस खचला होता. मी त्याच्यासमोर खाली मातीत बसले, हॉल तिकीट काढलं आणि हात जोडले. माझ्या आयुष्यात मी कुणापुढे असे हात जोडलेले नाहीत.

"दादा, माझं चुकलं. मला काय म्हणायचं ते म्हणा. पण उद्या तिला परीक्षेला नेऊ द्या. मी स्वतः नेते, स्वतः आणून सोडते."

त्याने हॉल तिकीट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, "रुसून न्हाई आनलं तिला, मॅडम. आदी मी नजर टाकली की कळायचं, पुरी हायेत का न्हाई. आता नजर टाकली की त्यो आकडाच आटवतो. मेंढी दिसतच न्हाई. आन् मला तर विसाच्या म्होरं मोजता येत न्हाई." त्याने पोरीकडे बघितलं. "परवा दोन मागं राह्यल्या, मला कळलं न्हाई. लांडग्यानं नेल्या. तिनं मोजल्यावर कळलं. आता तिच्याबिगर वाघर लावता येत न्हाई मला."

मी म्हटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "नाव लागलं तर एक दिवस ऱ्हाईल का?"

मी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. पोरीला विचारलं, तू काय म्हणतेस? ती खाली बघून म्हणाली, "माज्यामुळं झालं, मॅडम." मी म्हटलं नाही गं, तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. तिने मान हलवली. माझं म्हणणं तिला पटलेलं नव्हतं. मी आजवर शिकवलेलं तिला न पटलेलं हे एकच.

दिवस मावळायला आला तसा त्याने वाघर लावली. पोर तोंडाशी जाऊन उभी राहिली. मेंढ्या एकेक करून आत जायला लागल्या, बाप दगडावरून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. कळपाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. ती मोजत होती. मोठ्याने, स्पष्ट, एकही न चुकता, मी शिकवलं होतं तसं.

शेवटची मेंढी आत गेली. "एकशे चोवीस," ती बापाला म्हणाली. तो "हां" म्हणाला आणि वाघरीचं तोंड बांधायला उठला.

मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वर्गात उदाहरण सोडवून झालं की बघायची तसं, वहीवर माझी खूण पडेपर्यंत थांबायची तसं.

मी मनात वजाबाकी केली. एकशे सदतीसमधून अकरा, त्यातून दोन.

"बरोबर आहे," मी म्हणाले.