फक्त कोरियात दिसणारी मी-ह्वा

चीनमधल्या यानजीत कोरियन लोकांची मोठी वस्ती. तिथल्या बाजारात कोबीचं तिखट लोणचं, किमची, विकणारी बून-ओक कुठे बसते, हे कोणीही सांगायचं. तेवीस वर्षं एकच ओटा, आणि जिभेला मिरचीपेक्षा जास्त धार. गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की म्हणायची, "नाक घरी ठेवून यायचं, बाई! जीभ आणलीय ना? मग चाखा."

नवरा लवकर गेला. एकुलती लेक मी-ह्वा समुद्रापलीकडे दक्षिण कोरियात कामाला गेली, तिथलाच नवरा केला आणि सुवॉनला राहिली. लग्नाला आईला बोलावणं नाही. म्हणे व्हिसा मिळणार नाही. सणाला फोन यायचा, दोन मिनिटांचा, कुजबुजत. "सासू झोपलीय गं आई." भर दुपारी कसली झोपते ही बया, असं बून-ओकच्या मनात यायचं, पण तिने कधी विचारलं नाही. पोर सुखात आहे ना, बास! नऊ वर्षं तेवढ्यावर काढली.

मग एका सकाळी सुवॉनच्या खानावळीत कामाला असलेल्या जुन्या शेजारणीचा फोन आला. "मी-ह्वा टीव्हीवर आलीय. व्हिडिओ पाठवलाय. तूच बघ, मला नाही सांगवत." आणि ठेवूनच दिला.

बून-ओकने घाईने बोट लावलं. पडदा काळाच. वर दोन ओळी: हा व्हिडिओ फक्त कोरियातून पाहता येईल.

"माझीच पोर आणि मलाच बंदी!" ओटा तसाच टाकून ती समोर छॉल-ग्यूच्या मोबाइल दुकानात शिरली. पन्नाशीचा हा गृहस्थ अर्ध्या बाजाराला कोरियाच्या मालिका लावून द्यायचा.

"मावशी, व्हिडिओवाल्यांना वाटायला हवं की हा फोन कोरियात, सोलमध्ये आहे. तेवढी सोय करतो."

"कर बाबा. मी नाही गेले, फोन तरी जाऊ दे!"

दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा चालू झालं. सणाचा दिवस. सासरच्या पितरांचं मोठं टेबल मांडलेलं, शेजारी रेशमी कपड्यांत मी-ह्वा. किती वाळलीय मेली! मग कॅमेरा कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाकडे वळला. भाताच्या वाटीत चमचा उभा खोचलेला, मेलेल्या माणसाला वाढताना खोचतात तसा. मागे काळी फीत लावलेला फोटो.

फोटो बून-ओकचा.

"आमची सून अनाथ हो," सासू टीव्हीवाल्यांना कौतुकाने सांगत होती. "इथलीच, गांगवॉनची. लग्नाआधीच आई गेली. आम्ही दर वर्षी तिचंही पान मांडतो."

बून-ओकने फोन डोळ्यांजवळ ओढला. दर वर्षी! म्हणजे नऊ वर्षं ती इकडे कोबीला मीठ चोळत होती आणि तिकडे लोक तिला जेवायला वाढून नमस्कार करत होते. चीनमधली आई सांगायची लाज, म्हणून मारूनच टाकली?

"लिही!" ती किंचाळली. "या व्हिडिओखाली लिही. ही बाई जिवंत आहे, यानजीत किमची विकते!"

"मावशी, पोरीचं घर मोडेल."

"मोडू दे! मला जिवंतपणी पुरलं तिने. लिही म्हणते ना!"

छॉल-ग्यूने लिहिलं. "पाठवू?"

व्हिडिओ चालूच होता. सासू हसत छोट्या टेबलावरच्या पीचकडे बोट दाखवत होती. "अगं, पितरांपुढे पीच ठेवतात का कधी? आत्मा दारातूनच परत जातो. आजकालच्या पोरींना काही म्हणून माहीत नसतं." मी-ह्वा खाली मान घालून म्हणाली, "विसरले." पण पीच तिने उचललं नाही.

बून-ओक बघतच राहिली. विसरली? आठ वर्षांची असताना बापाच्या पानावर पीच ठेवलं म्हणून आईचा मार खाल्ला होता तिने, गालावर पाच बोटं उठली होती. ती कशी विसरेल? जिवंत आईच्या नावाचं पान मांडायला लागलं, आणि तिने त्यावर मुद्दाम असं फळ ठेवलं की ते पान आईला लागू नये.

"पुस," बून-ओक म्हणाली. तिला रडू आवरेना. "पुस म्हणते ना ते!"

त्याने पुसलं. "मग काहीच नको?"

"लिही. पीच चांगलं पिकलेलं दिसतंय."

"खाली नाव काय घालू?"

"नाव कसलं घालतोस?" नाक पुसत ती उठली. "मेलेली बाई नाव घालते का कुठे?"